मागच्या चाकाची पकड: ट्रायल्ससाठी मोटारसायकल कशी निवडावी, जुळवावी आणि चालवावी

ट्रायल्स हा मोटारसायकलचा असा क्रीडाप्रकार आहे, ज्यात सर्वांत वेगाने जाणाऱ्याला त्या वेगासाठी काहीही मिळत नाही. ओढा, कातळ, चिखलाचा चढ, झाडांची उघडी पडलेली मुळे अशा जागी फिती आणि बाण लावून छोटे छोटे तुकडे आखलेले असतात. अशा तुकड्याला सेक्शन म्हणतात. प्रत्येक सेक्शनपाशी एक निरीक्षक कार्ड घेऊन उभा असतो. पाय न टेकवता सेक्शन पार केला तर शून्य, एकदा पाय टेकला तर १, दोनदा टेकला तर २, त्याहून कितीही वेळा टेकला तरी ३, आणि गाडी पडली, हद्दीच्या फितीबाहेर गेली किंवा पुढे जाऊच शकली नाही तर ५ गुण लागतात. हे सगळे दंडाचे गुण असल्यामुळे दिवसअखेर ज्याची बेरीज सर्वांत कमी, तो जिंकतो.

मी मूळचा सातारा जिल्ह्यातला आहे. नोकरीनिमित्त इंग्लंडच्या यॉर्कशायर भागात राहतो आणि गेली काही वर्षे थंडीच्या दिवसांत जवळजवळ प्रत्येक रविवारी क्लबच्या ट्रायल्समध्ये उतरतो. या खेळाविषयी मराठीतून विचारणारे लोक मला दोन प्रकारचे भेटतात: ब्रिटन-युरोपात स्थायिक झालेले, ज्यांना प्रत्यक्ष स्पर्धेत भाग घ्यायचा आहे, आणि महाराष्ट्रात राहून ऑफ-रोड गाडी चालवणारे, ज्यांना या खेळातले कौशल्य आत्मसात करायचे आहे. दोघांनाही मी आधी एकच गोष्ट सांगतो. गाडी कोणती घ्यावी, टायरमध्ये हवा किती ठेवावी, चढावर अंग कुठे न्यावे, यांतला प्रत्येक निर्णय मागच्या चाकाची जमिनीवरची पकड टिकते की सुटते, या एकाच कसोटीवर तपासावा.

ही कसोटी जुनी आहे आणि तिचा एक धागा आपल्या ओळखीच्या बुलेटपर्यंत येतो. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात बऱ्याच ट्रायल्स चालकांची ठाम समजूत होती की, मागचे चाक फ्रेमला पक्के जोडलेले असले तरच पकड चांगली मिळते. रॉयल एनफिल्डने फेब्रुवारी १९४८ मध्ये कोलमोर कप ट्रायलमध्ये मागे स्विंगआर्म आणि शॉक ॲब्सॉर्बर असलेल्या बुलेटच्या नमुना गाड्या उतरवल्या. पुढे जॉनी ब्रिटन याने १९५२ आणि १९५७ साली रॉयल एनफिल्डवर स्कॉटलंडची सिक्स डेज ट्रायल जिंकली. दगडावर आपटून उसळणारे चाक तेवढा वेळ हवेत असते आणि हवेतल्या चाकाला पकड नसते. दगडाच्या आकाराप्रमाणे खाली-वर होणारे चाक मात्र जमिनीला चिकटून राहते, हे त्या निकालांनी दाखवून दिले. १९५५ पासून मद्रासला तयार होऊ लागलेली बुलेट याच घराण्यातली.

गाडी निवडताना

आजच्या ट्रायल्स गाडीला बसण्याजोगी सीट नसते, कारण चालक दिवसभर फुटरेस्टवर उभाच असतो. वजन साधारण ६५ ते ७५ किलो, पेट्रोलची टाकी दोन-तीन लिटरची, हँडल दोन्ही बाजूंना पुष्कळ वळणारे आणि इंजिनाखाली दगडांचा मार खाण्यासाठी ॲल्युमिनियमची जाड पट्टी, अशी तिची घडण असते. तुलनेसाठी सांगायचे तर हीरोची एक्सपल्स २०० दीडशे किलोंहून जड आहे. बेटा, गॅस गॅस, शेर्को, टीआरएस, व्हर्टिगो, स्कॉर्पा आणि मोंटेसा ही या बाजारातली प्रमुख नावे आहेत. बहुतेक गाड्या पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनाच्या, १२५ ते ३०० सीसीपर्यंतच्या असतात. मोंटेसाची फोर-स्ट्रोक कोटा ४आरटी २००५ च्या सुमारास आली आणि टोनी बोउ या स्पॅनिश चालकाने २००७ ते २०२४ अशी सलग १८ वर्षे मैदानी ट्रायल्सचे जगज्जेतेपद मोंटेसाच्याच फोर-स्ट्रोक गाड्यांवर मिळवले. हा आकडा वाचून गाडीची निवड करू नये. त्याच काळात त्याच्याकडून हरलेल्यांच्या गाड्याही तुमच्या-माझ्या गरजेपेक्षा कितीतरी पुढच्या होत्या.

मी स्वतः पहिली गाडी ३०० सीसीची घेतली आणि त्या निर्णयात माझे एक पूर्ण वर्ष गेले. ओल्या मुळांवर मूठ गव्हाच्या दाण्याएवढी जरी जास्त पिळली गेली, तरी मागचे चाक जागच्या जागी गरगर फिरायचे, गाडीचा मागचा भाग आडवा व्हायचा आणि पाय खाली यायचा. त्या वर्षात मी इंजिनाला आवरायला शिकलो. सेक्शन वाचायला शिकलो नाही. ती गाडी विकून मऊ स्वभावाची २५० घेतली, तेव्हा पहिल्याच महिन्यात माझे गुण जवळजवळ निम्म्यावर आले. म्हणून माझा सल्ला असा की, किशोरवयीन मुलामुलींनी आणि साठ किलोंच्या आत वजन असणाऱ्यांनी १२५ घ्यावी, इतर सर्वांनी २५० घ्यावी आणि ३०० चा विचार अनुभव आल्यानंतर किंवा वजन बरेच जास्त असेल तरच करावा. फोर-स्ट्रोक गाडी थोडी जड असते आणि उतारावर इंजिनाचा ब्रेक जास्त लावते. पण तिची ओढ सावकाश आणि सलग असल्यामुळे चिखलात ती नवशिक्याला सांभाळून घेते. विजेवर चालणाऱ्या ट्रायल्स गाड्याही आता चांगल्या मिळतात आणि शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास होईल अशा ठिकाणी सराव करणाऱ्यांसाठी त्या उत्तम आहेत.

पाच-सात वर्षे जुनी, नीट राखलेली गाडी सुरुवातीला पुरते. ती पाहायला जाताना विक्रेत्याला आधीच सांगावे की, मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. थंड इंजिन किती किकमध्ये सुरू होते, यावरून पुष्कळ कळते. मग गाडी स्टँडवर घेऊन मागचे चाक दोन्ही हातांनी धरावे आणि वर उचलून पाहावे. चाक वर येण्याआधी काही मिलिमीटरचा ढिला खेळ जाणवला, तर शॉकच्या जोडकाड्यांची बेअरिंग झिजलेली आहेत आणि तो खर्च किमतीतून वजा करायला हवा. फुटरेस्ट जिथे फ्रेमला जोडलेले असतात तिथे, तसेच खालच्या पट्टीच्या कडेने, बारीक तडे शोधावेत. गिअरबॉक्सचे ऑइल पाहता आले तर अवश्य पाहावे: ते दुधाळ दिसत असेल, तर वॉटर पंपाचे सील गेलेले आहे. रेडिएटरचा पंखा इंजिन तापल्यावर आपोआप फिरतो की नाही, फोर्कच्या नळ्यांवर ओरखडे किंवा ऑइलचे ओघळ आहेत का, आऱ्या सैल आहेत का, हे क्रमाने तपासावे. शेवटी कागदपत्रे. ब्रिटनमधील बऱ्याच ट्रायल्स गाड्या रस्त्यासाठी नोंदवलेल्याच नसतात. खासगी जमिनीवरच्या छोट्या ट्रायलला ते चालते, परंतु दोन सेक्शनांमधली वाट सार्वजनिक रस्त्यावरून जात असेल, तर नोंदणी आणि विमा दोन्ही लागतात.

महाराष्ट्रात राहणाऱ्याला शोरूममध्ये जाऊन ट्रायल्स गाडी विकत घेता येईल अशी परिस्थिती आज नाही आणि आयात करायची तर जकातीसह किंमत बहुतेकांच्या आवाक्याबाहेर जाते. त्यामुळे एक्सपल्ससारखी हलकी ऑफ-रोड गाडी घेऊन समोरचा स्प्रॉकेट एक दात कमी असलेला बसवावा, शक्य असल्यास गुडघ्याला अडणारा टाकीच्या कडेचा भाग काढून ठेवावा आणि पुढे दिलेले सराव समोरच्या चाकाएवढ्या उंच दगडांऐवजी वीतभर उंचीच्या अडथळ्यांवर करावेत. दीडशे किलोंची गाडी पायावर पडली तर घोटा मोडतो, हे लक्षात ठेवूनच उंची ठरवावी. जागा स्वतःची किंवा परवानगी घेतलेली असावी: पडीक शेत, दगडाची बंद पडलेली खाण, फार्महाऊसचा माळ. वनखात्याची जमीन, गडांच्या वाटा आणि सडे यांवर गाडी नेऊ नये. पावसाळ्यात त्या मातीवर उमटलेली टायरची एक खाच पुढच्या पावसात घळ होते.

टायर आणि हवा

सगळ्या जुळवाजुळवीत सर्वांत कमी खर्चात सर्वांत जास्त फरक पडतो तो इथे. ट्रायल्स टायरची बाजू मऊ आणि पातळ असते, गोट्या, म्हणजे टायरवरचे रबरी उंचवटे, जवळजवळ असतात आणि रबर चिकट असते. मोटोक्रॉसच्या टायरच्या उंच, विरळ गोट्या माती खोदून पकड घेतात. ट्रायल्सचा टायर मात्र दगडावर पसरून, त्याला मिठी मारून पकड घेतो. पुढे २.७५-२१ आणि मागे ४.००-१८ हे रूढ माप आहे. मागचा टायर बहुधा ट्यूबलेस असतो, पुढच्यात ट्यूब असते. मिशेलिन, डनलॉप आणि आयआरसी हे तीन टायर सर्वत्र दिसतात.

मागच्या टायरमध्ये ४ ते ५ पीएसआय आणि पुढच्यात ६ ते ७ पीएसआय हवा ठेवावी. रस्त्यावरच्या गाडीत आपण पंचवीस-तीस पीएसआय भरतो, त्यामुळे हे आकडे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला चुकीचे वाटतात. पेट्रोल पंपावरचा किंवा नेहमीचा मीटर या पातळीवर विश्वासार्ह नसतो. शून्य ते पंधरा पीएसआयच दाखवणारा छोटा मीटर विकत घ्यावा आणि नेहमी तोच वापरावा. हवा घरी नव्हे, तर स्पर्धेच्या जागी पोहोचल्यावर तपासावी, कारण गाडीच्या डिकीत किंवा व्हॅनमध्ये उबेत राहिलेला टायर थंड ओढ्यात उतरल्यावर दाब गमावतो. जिथे दगडांच्या कडा धारदार आहेत, तिथे अर्धा पीएसआय वाढवावा. गुळगुळीत ओल्या कातळावर आणि मुळांवर ४ च्या आसपास राहावे. चालकाचे वजन नव्वद किलोंच्या पुढे असेल, तर दोन्हीकडे थोडी जास्त हवा लागते, नाहीतर रिम दगडावर आपटते. महाराष्ट्रातल्या वाचकांनी हे आकडे ट्यूब असलेल्या जड गाडीला लावू नयेत. तिथे बारा-चौदा पीएसआयच्या खाली गेल्यास ट्यूब रिम आणि दगडात चिमटून पंक्चर होते.

नव्या टायरच्या गोट्यांना काटकोनी धार असते. चढावर मागचे चाक जमीन मागे रेटते, तेव्हा प्रत्येक गोटीची एकच कड झिजून गोल होते, तर दुसरी कड तशीच तीक्ष्ण राहते. म्हणून अनेक चालक अर्ध्या आयुष्यानंतर मागचा टायर काढून उलटा बसवतात आणि न वापरलेली कड कामाला लावतात. टायरच्या बाजूवर दिशेचा बाण छापलेला असेल तर मात्र कंपनीची सूचना आधी वाचावी. गोट्यांवरून अंगठा फिरवून कडा बघण्याची सवय लावून घ्यावी. डोळ्यांना चांगला दिसणारा टायर अंगठ्याला अनेकदा गुळगुळीत लागतो.

इंजिन, मूठ आणि क्लच

ट्रायल्सचे इंजिन जास्तीत जास्त ताकद देईल असे जुळवायचे नसते; मुठीच्या पहिल्या चतुर्थांश फिरकीत ते जे देते, ते नेहमी सारखेच आणि अपेक्षित असावे, असे जुळवायचे असते. सेक्शनमध्ये मूठ क्वचितच त्यापुढे जाते. म्हणून सर्वांत आधी कार्बोरेटरचा पायलट जेट स्वच्छ करावा आणि हवेचा स्क्रू असा बसवावा की, आयडलिंगवरून मूठ हळूच फिरवल्यावर इंजिन न अडखळता, न हुंदका देता उचलेल. मेन जेटची चिंता त्यानंतर, आणि नवशिक्याने तर मुळीच करू नये. मूठ जास्त फिरवल्यावर कमी उघडणारी, संथ प्रकारची थ्रॉटल नळी स्वस्तात मिळते, ती बसवावी. फ्लायव्हीलवर चढवायची वजनाची कडी मिळत असेल, तर तीही घ्यावी, कारण जड फ्लायव्हील इंजिनाला एकदम पळू देत नाही आणि एकदम बंदही पडू देत नाही. काही गाड्यांवर इग्निशनचे दोन नकाशे, म्हणजे इंजिनाच्या ठिणगीच्या दोन जुळण्या, निवडण्याचा स्विच असतो; त्यातला ओल्या जमिनीसाठीचा मऊ नकाशा पहिले सहा महिने कायम ठेवावा.

टू-स्ट्रोक गाडीच्या पेट्रोलमध्ये ऑइल हाताने मिसळावे लागते. ज्यांनी येझदी किंवा जुनी चेतक वापरली आहे, त्यांना हे नवे नाही. पण प्रमाण वेगळे आहे. आजच्या सिंथेटिक ऑइलसह बऱ्याच ट्रायल्स गाड्या ६०:१ ते ८०:१ या प्रमाणावर चालतात, म्हणजे पाच लिटर पेट्रोलला साधारण ६३ ते ८३ मिलिलिटर ऑइल. पुस्तिकेत दिलेले प्रमाणच अंतिम मानावे आणि मोजपात्र वापरावे.

क्लच हा या खेळातला खरा वेग-नियंत्रक आहे. एका बोटाने सहज ओढला जाईल, पूर्ण ओढल्यावर गाडी पहिल्या गिअरमध्ये जागेवर स्थिर राहील आणि सोडताना चाव्याचा बिंदू, म्हणजे क्लच पकडू लागण्याची जागा, दर वेळी एकाच ठिकाणी येईल, इतके त्याच्याकडून अपेक्षित आहे. आठवडाभर उभ्या असलेल्या गाडीच्या क्लच प्लेट एकमेकींना चिकटतात. इंजिन सुरू करण्यापूर्वी गिअर टाकून, क्लच ओढून गाडी दोन-चार वेळा पुढे-मागे हलवली की त्या सुटतात. क्लच हायड्रॉलिक असतो आणि काही गाड्यांत त्यासाठी मिनरल ऑइल लागते, तर ब्रेकसाठी डॉट ४ द्रव लागतो. चुकीचा द्रव घातला तर आतली सील फुगून निकामी होतात, म्हणून त्या द्रवाच्या छोट्या टाकीच्या झाकणावर कोरलेले शब्द वाचल्याशिवाय काहीही ओतू नये.

सस्पेन्शन आणि हँडल

मागच्या शॉकची सुरुवातीची दबण मोजायला दोन माणसे आणि एक टेप पुरते. गाडी स्टँडवर घेऊन मागचे चाक अधांतरी करावे आणि चाकाच्या अक्षापासून मडगार्डवरच्या खुणेपर्यंतचे अंतर मोजावे. मग हेल्मेट-बुटांसह चालकाने फुटरेस्टवर उभे राहावे, साथीदाराने गाडी सरळ धरावी आणि तेच अंतर पुन्हा मोजावे. दोन्हींतला फरक मागच्या एकूण चालीच्या, म्हणजे चाक खाली-वर होण्याच्या पूर्ण अंतराच्या, एक-तृतीयांशाच्या आसपास, म्हणजे बहुतेक गाड्यांत ५० ते ६० मिलिमीटर असावा. फरक कमी भरला तर स्प्रिंग फार ताठ आहे आणि चाक खड्ड्यांत उतरून जमीन धरू शकणार नाही. जास्त भरला तर गाडी मागे बसेल आणि चढावर पुढचे चाक उचलेल. त्यानंतर फुटरेस्टवर दोन्ही पायांनी एकदा जोराने दाबून पाहावे. पुढचा आणि मागचा भाग एकत्र खाली जाऊन एकत्र वर आला पाहिजे. मागचा भाग लाथ मारल्यासारखा वर आला, तर रिबाउंडचा, म्हणजे शॉक परत वर येण्याचा वेग ठरवणारा, स्क्रू दोन खटके आवळावा.

हँडल अशा कोनात बसवावे की, सरळ उभे राहिल्यावर कोपर किंचित वाकलेले राहतील आणि मनगट मोडणार नाही. लिव्हर आत सरकवून फक्त तर्जनी टोकाशी पोहोचेल असे ठेवावेत आणि त्यांचे स्क्रू एवढेच आवळावेत की गाडी पडल्यावर लिव्हर तुटण्याऐवजी फिरेल. मनगटाला बांधायची, चालक पडताच इंजिन बंद करणारी दोरी सरावातही काढू नये.

शिकण्याचा क्रम

पहिले तीन-चार आठवडे अडथळ्याकडे जाऊच नये. सपाट गवतावर इंजिन बंद ठेवून पुढचे चाक एखाद्या दगडाला टेकवावे, हँडल एका बाजूला पूर्ण वळवावे, पुढचा ब्रेक धरावा आणि फुटरेस्टवर उभे राहून तोल साधावा. तळपायाचा पुढचा भाग फुटरेस्टवर, गुडघे किंचित वाकलेले, नजर पाच-सहा मीटर पुढे. तोल हातांनी साधता येत नाही; गुडघे आणि कंबर यांच्या बारीक हालचालींनीच तो साधतो. वीस सेकंद जमले की दुसऱ्या बाजूला हँडल वळवून तेच करावे.

मग इंजिन सुरू करून दोन दगडांभोवती इंग्रजी आठाच्या आकारात फिरावे. वळताना गाडी आत झुकवावी, अंग बाहेर ठेवावे आणि वजन बाहेरच्या फुटरेस्टवर द्यावे. रस्त्यावर आपण गाडीसोबत झुकतो, म्हणून सुरुवातीला हे उलटे वाटते. मात्र मनुष्य चालतो त्यापेक्षाही कमी वेगात गाडी पडत नाही ती याच विरुद्ध वजनामुळे. या सगळ्या वेळात मूठ जवळजवळ स्थिर ठेवून वेग क्लचनेच कमी-जास्त करावा. आकार हळूहळू लहान करत न्यावा, अगदी हँडल पूर्ण वळलेले असताना फेरी पूर्ण होईपर्यंत.

चढ ही पहिली खरी परीक्षा. नवशिका घाबरून पहिला गिअर टाकतो आणि मूठ पिळतो. चाक घसरते आणि गाडी खणत खणत बसते. ओल्या किंवा मुरमाड चढावर दुसरा गिअर घ्यावा, लागणारा वेग चढाच्या पायथ्याशीच मिळवावा आणि वर जाताना मूठ उघडण्याऐवजी किंचित मिटवत न्यावी. अंग पुढे न्यायचे, पण इतकेही नाही की मागचे चाक हलके होईल. आपल्याकडे ज्याला घसारा म्हणतात, त्या सुट्या खडीच्या चढावर तर हे फारच नाजूक असते: छाती हँडलच्या मागे बोटभर ठेवली की दोन्ही चाके जागेवर राहतात, आणि चाक घसरू लागलेच तर मूठ मिटून गुडघे क्षणभर वाकवले की शॉकमधून वजन पुन्हा टायरवर येते. घसरताना मूठ पिळणे हा मानवी स्वभाव आहे आणि तो मोडायला सर्वांत जास्त वेळ लागतो. उतरताना पहिला गिअर, पार्श्वभाग मागे, दोन्ही ब्रेकांवर एकेक बोट आणि पुढचा ब्रेक हळूहळू वाढवत नेलेला.

ओंडका किंवा पायरी पार करण्याचे तंत्र चार क्षणांत विभागता येते. चालण्याच्या वेगाने सरळ समोर यावे. चाकभर अंतर उरले की गुडघे वाकवून पुढचा फोर्क दाबावा. फोर्क वर येत असतानाच पाय सरळ करावेत आणि मुठीचा एक छोटा झटका द्यावा, म्हणजे पुढचे चाक ओंडक्याच्या वरच्या भागाला टेकेल. तो धक्का बसून सस्पेन्शन दबले की दुसरा झटका द्यावा, लगेच मूठ मिटावी आणि गुडघे वाकवून गाडीला आपल्याखालून वर येऊ द्यावे. दुसरा झटका उशिरा दिला की मागचे चाक ओंडक्याच्या सालीवर फिरते आणि सोललेल्या सालीचा ओला तुकडा मागे उडतो. असा तुकडा दिसला की समजावे, वेळ चुकली. एका जागी थांबून चाके उडवत नेण्याची करामत पाहायला सुंदर असते, पण ती पहिल्या वर्षाची विद्या नाही.

स्पर्धेच्या दिवशी

इंग्लंडमध्ये एसीयू ही नियामक संस्था आहे. क्लबचे सभासदत्व आणि तिच्याकडची नोंदणी झाली की प्रवेश मिळतो. साधारण दहा सेक्शन आणि चार फेऱ्या, म्हणजे ४० वेळा परीक्षा, असा क्लब ट्रायलचा आराखडा असतो. एकाच सेक्शनमध्ये सोप्या आणि अवघड वाटा वेगळ्या बाणांनी दाखवलेल्या असतात. सर्वांत सोपी वाट निवडावी. स्पर्धा न थांबण्याच्या नियमाने आहे की थांबण्याची मुभा आहे, हे नोंदणीच्या टेबलापाशी विचारून घ्यावे. पहिल्या नियमात गाडीची पुढची गती थांबली की थेट ५ लागतात. स्कॉटलंडमधल्या फॉर्ट विल्यमची तीच सिक्स डेज ट्रायल, जिथे सहा दिवस रोज सुमारे ३० सेक्शन असतात, ती पाहायला मात्र जरूर जावे. मे महिन्यातल्या त्या थंडीत चालक सेक्शनपाशी थांबून किती वेळ नुसते पाहत उभे राहतात, ते पाहण्यासारखे असते.

सेक्शन पायी चालून पाहणे हा स्पर्धेचा अर्धा भाग आहे. आधी शेवटच्या बाणापाशी जावे आणि तिथून मागे वळून पाहावे: बाहेर पडताना गाडी कोणत्या कोनात असायला हवी? त्या कोनात येण्यासाठी आधीचे वळण कुठून घ्यावे? असे उलटे येत येत प्रवेशापर्यंत पोहोचावे. पाण्यातला दगड बुटाने ढकलून हलतो का ते पाहावे. पहिल्या फेरीत हिरवे शेवाळ असलेला कातळ तिसऱ्या फेरीपर्यंत टायरांनी घासून स्वच्छ होतो आणि पकड वाढते. चिखलाचा चढ मात्र प्रत्येक फेरीला वाईट होत जातो. म्हणून पहिल्या फेरीची वाट चौथ्या फेरीत आंधळेपणाने घेऊ नये. आपल्या पातळीचे दोन-तीन चालक जाऊ द्यावेत आणि त्यांची चाके पाहावीत, चेहरे नव्हे.

सेक्शनमध्ये शिरण्यापूर्वी बुटाचे तळ फुटरेस्टवर किंवा दगडावर घासून चिखल काढावा. ओल्या चिखलाचा बूट फुटरेस्टवरून सटकला की त्या एका घसरणीने मागचे सगळे नियोजन जाते. पाय टेकावाच लागणार असे दिसत असेल, तर कुठे टेकायचा, हे आधीच ठरवून ठेवावे: उंच दगडापाशी, गाडी सरळ असताना आणि एकदाच. गडबडीत टेकलेले तीन पाय ३ गुणांत मिळतात, पण अडून बसलेली गाडी ५ गुण घेते. त्यामुळे क्लीन, म्हणजे शून्य गुणांत सेक्शन पार करणे, हातून गेले की तो विचार तत्काळ सोडून गाडी शेवटच्या बाणाबाहेर काढण्याकडेच लक्ष द्यावे.

घरी आल्यावर

गाडी धुताना पाण्याचा जोरदार फवारा बेअरिंगांवर आणि एअर फिल्टरच्या तोंडावर मारू नये. फिल्टर काढून धुवावा, वाळवावा आणि त्याला ऑइल लावावे. चेन वंगण देऊन पुसावी. आऱ्या एकेक करून पान्याने हलके ठोकाव्यात. सैल आरीचा आवाज बद्द येतो. हवा पुढच्या वेळेपर्यंत थोडी वाढवून ठेवावी.

मग गुणांचे कार्ड घेऊन बसावे. फेऱ्यांप्रमाणे बेरीज केली की आकडे बोलू लागतात. पहिल्या फेरीत गुण जास्त आणि नंतर कमी होत गेले असतील, तर तुम्ही सेक्शन पुरेसा पाहत नाही. चौथ्या फेरीत वाढले असतील, तर पाय थकून गुडघे ताठ होत आहेत. एकाच सेक्शनला चारही फेऱ्यांत ५ लागले असतील, तर त्या सेक्शनमध्ये काय होते, डावे वळण, ओले मूळ की पायरी, ते वहीत लिहावे आणि पुढच्या शनिवारी सरावाला जाताना गाडीसोबत त्याच मापाचा एक ओंडका न्यावा.